पनवेलकरांनो, यंदा बाग फार झाडू नका

पनवेलकरांनो, अंगणातला पालापाचोळा गोळा करून पेटवायचा आणि सोसायटीची बाग चकाचक करून घ्यायची असा बेत असेल, तर कृपा करून तो आजच थांबवा. त्या पाल्याखाली पाहुण्यांचं जेवण आहे आणि पाहुणे येऊन पोचलेत.

थंडी सुरू झाली की उत्तरेकडचे लहान पक्षी आपल्याकडे उतरतात. कुंपणाच्या भिंतीवर बसून तांबूस शेपटी सारखी थरथरवणारा थिरथिरा, ओलसर जागी शेपूट वरखाली हलवत चालणारा करडा धोबी, शेंड्यावरून उडत्या किड्यावर झडप घालणारा राखी कोतवाल. यांतला सगळ्यात चिमुकला हिरवट वटवट्या. वजन जेमतेम आठ ग्रॅम, आणि येतो तो हिमालयातून नि त्याच्याही पलीकडच्या रानांतून. आंब्याखाली थोडा वेळ उभे राहा. आधी बारीक, तुटक ‘चिस्वी’ ऐकू येईल, मग पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपणारा तो दिसेल. एकेक पान तपासत फांदी संपवतो आणि पुढची धरतो. हिवाळाभर तो आपला इलाखा राखून असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी येतो. तुम्ही यंदा छाटायला काढलेलं झाड त्याचं ठरलेलं घर असू शकतं.

कर्नाळा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि 1968 पासून राखलेलं आहे याचा आपल्याला अभिमानच वाटायला हवा. पण ते अभयारण्य 12.11 चौरस किलोमीटरचं, त्यातूनही मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. बाहेर तालुक्यात टेकड्या फुटल्या, भातशेतांत इमारती उभ्या राहिल्या, विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. अशा वेळी जुन्या पनवेलमधली परसं, नवीन पनवेल-खारघरच्या सोसायट्यांच्या बागा, नेऱ्याकडची फार्महाउसं यांची किंमत पाखरांच्या लेखी फार वाढली आहे.

म्हणून विनंती अशी, की झाडांखालचा पाला निदान एका कोपऱ्यात तसाच राहू द्या. कीटकनाशकाची फवारणी होळीपर्यंत बंद ठेवा. या पक्ष्यांचं पोट किड्या-अळ्यांवर चालतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतीच्या वाटेवर निघायचं तर अंगात चरबी साठावी लागते. तांदूळ, शेव, पाव यांचा त्यांना काही उपयोग नाही. त्यावर कबुतरं आणि उंदीर मात्र जमतात. चांगल्या मनाने टाकलेला दाणा इथे चुकीच्या पोटात जातो.

आंब्यावरचं बांडगूळ माळी काढायला निघाला तर एखादा झुपका राखायला सांगा. त्याच्या फुलांवर शिंजीर येतात, फळांवर फुलटोच्या जगतो. कुंडीत काही लावायचंच असेल तर अडुळसा लावा, तो थंडीत फुलतो.

पाणी आजपासूनच ठेवा, मार्चची वाट पाहू नका. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी आणि मधे एक दगड, म्हणजे चिमुकल्यांना पाय टेकायला जागा होते. झुडपाला अगदी खेटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास आपल्याच घरात व्हायची.

आणि संक्रांत. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो विकला जातो. मुलांच्या फिरकीत तो नाही ना, हे आईवडिलांनी स्वतः पाहावं. सण झाल्यावर गच्चीवरचा, झाडांवरचा तुटका दोरा काठीने उतरवून घ्या. वटवाघळं आणि घुबडं त्यात नंतर कित्येक दिवस अडकत राहतात. जखमी पक्षी सापडला तर पंखात रुतलेला दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीपर्यंत हे लांबवू नका. माळीदादा उद्या सकाळी कोयता आणि फवारणीचा पंप घेऊन येणार असतील, तर त्यांना आज संध्याकाळीच फोन करा.