हस्तलिखितासोबतचे पत्र

निवृत्तीनंतर मी बँकेतील आठवणी लिहिल्या आणि तीन पानी पत्रासह एका प्रकाशकाकडे धाडल्या. आठ महिने उत्तर आले नाही. एके दिवशी सूनबाईंनी त्या पत्राची प्रत वाचून विचारले, "बाबा, यात पुस्तक कुठे आहे?"

खरेच, पत्रात माझी पदे, बदल्या, सत्कार सारे होते. पुस्तक शेवटच्या चार ओळींत. असे कर्जाचे अर्ज मी स्वतः कितीदा बाजूला सारले होते! रक्कम किती, कशासाठी आणि फेड कशी, हे पहिल्याच पानावर सांगणारा अर्ज मी आधी वाचत असे.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखक बहुधा प्रथम लिटररी एजंटला एक पानी पत्र लिहितो. पत्र रुचले, तर एजंट हस्तलिखित मागवतो, प्रकाशकाशी बोलणी करतो आणि लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के कमिशन घेतो; आगाऊ काही मागत नाही. मराठीत ही मध्यस्थी फारशी रुजलेली नाही. आपण थेट संपादकालाच लिहितो. पत्राची रीत मात्र तीच.

माझे नवे पत्र एका पानाचे झाले. आरंभी विषय व पृष्ठसंख्या. मग वसईच्या केळी व फुलांच्या बागायतदारांना दिलेल्या कर्जांची हकीकत. नंतर वाचक कोण आणि याच संस्थेकडे का. अखेरीस स्वतःविषयी दोन ओळी. सोबत एक नमुना प्रकरण.

दरम्यान दुसऱ्या एकाने, पैसे भरल्यास पुस्तक तत्काळ छापतो, असे कळवले. रक्कम माझ्या एका मुदत ठेवीएवढी होती. मोह झाला. स्वखर्चाने छापणे गैर नव्हे. परंतु करारात सर्व हक्क कायमचे मागितले होते. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशीच होते. मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षे धरतात. 'कायमचे' या शब्दाखाली सही करणे म्हणजे लेखणीच गहाण टाकणे. ठेव मोडली नाही.

'मौज'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहून हस्तलिखितांत सुधारणा सुचवीत. तशीच चार ओळींची सूचना मलाही नुकतीच आली: स्वीकार नाही, दोन प्रकरणे पुन्हा लिहा, मग पाहू. सध्या तेच लिहीत आहे.