सोंगटीची लिपी

'खेळ हा खेळून शिकायचा असतो, वाचून नव्हे', हे वाक्य आम्ही सर्वाधिक ऐकले ते साहित्याच्या अध्यापकांकडून. ज्यांचा सारा व्यवहार ग्रंथांवर चालतो त्यांनीच असे म्हणावे, ही मौजच. मग ज्याने आयुष्यात एकही प्रयोग पाहिलेला नाही त्या विद्यार्थ्याला आपण नाट्यसंहिता कोणत्या तोंडाने शिकवतो?

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी बॅकगॅमनचा जाणता जोडीदार आणायचा कोठून? शिकायचे तर पुस्तकातूनच, आणि त्यासाठी चालींची लिपी येणे आले. ती अवघड नाही. पटावर २४ घरे. प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने मोजतो, म्हणून एकाचे पाचवे घर ते दुसऱ्याचे विसावे. (दृष्टिकोन या संकल्पनेवर तास घेणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वापरावे.) आरंभी फाशांवर ३ आणि १ पडले, की '८/५, ६/५' : आठव्या व सहाव्या घरातली एकेक सोंगटी पाचव्यात आणायची. घर बांधले गेले.

लिहून ठेवल्याने काय साधते? ४ आणि १ या दानाला जुने जाणकार '१३/९, ६/५' खेळत. १९९० च्या दशकाच्या आरंभी आय.बी.एम.मधील जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन हा संगणकीय खेळाडू स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शिकला, आणि त्याने '२४/२३, १३/९' ही चाल पसंत केली. तज्ज्ञांनी ती पडताळली, स्वीकारली. जुनी चाल नोंदलेली होती म्हणूनच ती खोडता आली. आमच्याकडे मात्र सारीपाट कवितेत, कीर्तनात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात सर्वत्र आहे. त्याचा एक डाव चालींनिशी मांडून दाखवा म्हटले, की सारे गप्प. उपमेचे खंडन कसे करणार?

लिपीची ही कल्पना परकी आहे, असा आक्षेप येईलच. एम.ए.च्या वर्गात सोमेश्वराचा 'मानसोल्लास' (इ.स. ११२९) कांडताना गायिल्या जाणाऱ्या ओवीच्या उल्लेखापुरता येतो नि संपतो. त्याच ग्रंथाच्या क्रीडाविंशतीत पाशकक्रीडा आहे, चतुरंग आहे; आणि बुद्धिबळाच्या घरांना व्यंजन व स्वर जोडून नावे देऊन घोड्याचा पटभरचा प्रवास अक्षरांत सांगितलेला आहे. आक्षेपकांनी तेवढा भाग वाचून यावे. वाद घालायला आम्ही तयार आहोत.