दम्याचे औषध : यादीत आणि कपाटात

जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र ४२ टक्क्यांहून अधिक येथे घडतात, असा २०१९ च्या जागतिक रोगभार-अभ्यासाचा अंदाज आहे. ही तफावत रोगाची नव्हे, वितरणाची आहे. साल्ब्युटामॉल धाप तात्पुरती शमवते. श्वासनलिकांची सूज आटोक्यात राहते ती ब्युडेसोनाइडसारखे औषध पंपाने नियमित घेतल्यानेच. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत ते आहे. परंतु यादीतले औषध सरकारी दवाखान्याच्या कपाटात असतेच असे नाही. मग मजूर स्वस्त गोळीवर दिवस ढकलतो आणि धाप वाढली की रोजगार बुडवून इंजेक्शन घेतो. पंपाची सवय लागते, हा गैरसमज आपल्या कार्यकर्त्यांतही कमी नाही! तो आधी सोडावा. मग प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पंपांचा साठा किती, हे लेखी विचारावे.