सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक कागद घ्या!



दुकान टाकायचं ठरवलेला जवळजवळ प्रत्येक जण मला पहिला प्रश्न हाच विचारतो, "सर, बिलिंगला आणि उधारीला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" माझं उत्तर दर वेळी तेच असतं. आधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या दुकानात उधार कुणाला मिळतं, ते मराठीत पायरी-पायरीनं लिहून दाखवा. तो कागद जमला तर कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. नाही जमला तर सगळ्यात महागडं सॉफ्टवेअरसुद्धा तुमचा गोंधळ फक्त जास्त वेगानं करेल.

त्या कागदावर जे उतरतं त्याला अल्गोरिदम म्हणतात, आणि ते साध्या भाषेत लिहिण्याच्या पद्धतीला सूडोकोड. शब्द ऐकून घाबरू नका. माझं स्पष्ट मत आहे, की छोट्या दुकानदारानं पायथॉन शिकलं नाही तरी चालेल, पण सूडोकोड लिहिता आलाच पाहिजे. का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

नऊ दिवस आणि एक वाक्य

कबनूरमध्ये माझं इलेक्ट्रिकल आणि लूम स्पेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूचे खर्चीवाले, जॉबर, वायरमन. वडिलांच्या ऑपरेशनसाठी मला नऊ दिवस कोल्हापुरात थांबावं लागलं. दुकानावर चुलतभावाला बसवलं आणि निघताना त्याला एकच वाक्य सांगितलं, "वहीत नाव असेल त्याला उधार दे, बाकीच्यांना रोख."

परत येऊन वही उघडली तर नऊ दिवसांत ४३,००० रुपयांची उधारी झालेली. ज्यांची मागचीच बाकी थकलेली, त्यांनी मोटर आणि केबलची बंडलं नेलेली. नाव वहीत होतं ना! त्यातले ११,००० अजून आलेले नाहीत, आणि आता येतील असं वाटतही नाही.

पण ते ११,००० मी विसरू शकतो. दुसरी गोष्ट विसरता येत नाही. आमच्या गल्लीच्या मागे एक ताई चार माग चालवतात. नवरा वारल्यापासून सगळा व्याप त्यांच्यावर. दर महिन्याला न मागता हिशेब चुकता करतात. त्या पिकर आणि पट्टा न्यायला आल्या, ३४० रुपयांचा माल. भावानं वहीत त्यांचं नाव शोधलं, सापडलं नाही. कसं सापडणार? खातं अजून नवऱ्याच्या नावावरच होतं. भाऊ म्हणाला, "रोख द्यावे लागतील." त्या काही न बोलता निघून गेल्या. त्यांचा एक माग दुपारपर्यंत बंद राहिला.

मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "पैशाचं काही नाही दादा. पण चार माणसांसमोर नाही म्हणाला तो."

घरी येऊन भावावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "तू सांगितलंस तेवढंच केलं."

खरं होतं त्याचं. आणि कॉम्प्युटरसुद्धा नेमकं हेच करतो, सांगितलं तेवढंच. तुमच्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही. नव्या कामगारालाही कळत नाही.

अल्गोरिदम आपल्या गल्लीतच आहे

हा शब्द आला नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून. त्यानं भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर ग्रंथ लिहिला. पुढे त्याच्या नावाचं लॅटिन रूप झालं आणि त्यातून 'अल्गोरिदम' आला. म्हणजे या शब्दाच्या मुळाशीच हिशेब आहे.

आणि आपल्याकडे तर तो रोज खडखडत असतो. साधा यंत्रमाग बघा. धोटा इकडून तिकडे जातो, फणी धागा ठोकते, कापड पुढे सरकतं, परत धोटा. आडवा धागा तुटला की माग थांबतो. डॉबी असेल तर लाकडी पट्ट्यांवर खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी आहे तिथं वही उचलायची, नाही तिथं नाही. सगळं डिझाईन त्या खुंट्यांत.

फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्डनं हेच काम छिद्रांच्या कार्डांवर आणलं. पुढे इंग्लंडमध्ये बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी तीच कार्डांची कल्पना उचलली. म्हणजे कॉम्प्युटरच्या घराण्यात माग आजोबांच्या जागी आहे. इचलकरंजी-कबनूरच्या माणसानं अल्गोरिदमला परकं समजायचं काही कारण नाही!

मागावर तुम्ही जे तीन प्रकार बघितले, तेवढेच सूडोकोडमध्ये लागतात:

१. क्रम – आधी काय, नंतर काय.
२. अट – जर असं असेल तर हे, नाहीतर ते.
३. पुनरावृत्ती – अमुक होईपर्यंत परत परत.

बीबीएला असताना हे सगळं मी फ्लोचार्टच्या धड्यात शिकलो होतो. पेपर लिहिला आणि विसरलो. दुकानात आपटल्यावर परत आठवलं.

माझा पहिला कागद

त्या रात्री बसून मी हे लिहिलं. सूडोकोडला सरकारी व्याकरण नसतं. दुसऱ्या माणसाला वाचून कळलं पाहिजे, एवढाच नियम. फक्त अटीच्या आतल्या ओळी थोड्या आत सरकवून लिहा, म्हणजे कुठली ओळ कुणाखाली येते ते दिसतं.

सुरुवात
— गिऱ्हाईकाचं नाव वहीत शोध
— जर नाव नसेल तर
— — रोख घे
— नाहीतर
— — जुनी बाकी बघ
— — जर सगळ्यात जुनं बिल ३० दिवसांच्या वरचं असेल तर
— — — नवी उधारी नाही, रोख घे
— — नाहीतर जर जुनी बाकी + आजचं बिल ५,००० पेक्षा जास्त असेल तर
— — — ५,००० पर्यंत उधार, वरचे रोख
— — नाहीतर
— — — उधार लिही, सही घे
शेवट

मला वाटलं, झालं काम. पण आता खरी पायरी येते, जी बहुतेक लोक टाळतात. कागदावरच खोटी गिऱ्हाइकं आणून नियम चालवून बघायचा. याला ड्राय रन म्हणतात.

पहिलं गिऱ्हाईक: बाकी ३,२००, आजचं बिल १,५००. बेरीज ४,७००. उधार मिळालं. बरोबर.

दुसरं: बाकी ४,२००, बिल १,५००. बेरीज ५,७००. म्हणजे ८०० उधार, ७०० रोख. बरोबर.

तिसरं: बेरीज नेमकी ५,०००. 'पेक्षा जास्त' लिहिलंय, म्हणून उधार मिळतं. मला हेच हवं होतं का? हो. पण 'किंवा तितकंच' लिहिलं असतं तर दुसऱ्याच रांगेत गेलं असतं. भांडणं अशा काठावरच्या आकड्यांवर होतात.

चौथं: त्या ताई. नाव शोधलं, सापडलं नाही, रोख. परत तोच अपमान! माझा सुधारलेला नियमसुद्धा त्यांना हाकलून देत होता. म्हणून पहिली ओळ बदलली: नावाऐवजी मोबाईल नंबरवरून खातं शोध. आणि सगळी खाती आज जो व्यवहार करतो त्याच्या नावावर केली.

पाचवं: नवीन माणूस. नाव नाही म्हणून रोख. पुढच्या वेळी? परत नाव नाही म्हणून रोख. म्हणजे माझ्या नियमानं नवा माणूस जन्मभर वहीत येऊच शकत नव्हता. म्हणून एक ओळ वाढवली: रोखीची पाच बिलं झाली की नंबर वहीत घे, मर्यादा १,००० पासून सुरू. आणि सगळ्यांना एकच ५,००० ठेवण्याऐवजी प्रत्येक खात्यापुढे त्याची मर्यादा लिहिली.

विचार करा, हे दोन्ही दोष ॲप घेतल्यावर सापडले असते तर? तोपर्यंत किती चांगली गिऱ्हाइकं गप्प निघून गेली असती?

थांबायचं कुठं, तेही लिहा

पुनरावृत्तीत एक धोका असतो. मी वसुलीसाठी लिहिलं होतं: 'बाकी शून्य होईपर्यंत दर शनिवारी फोन कर.' दिसायला चांगलं. पण एखादा देणारच नसेल तर? तुम्ही म्हातारे होईपर्यंत शनिवारी फोनच करत बसाल. कॉम्प्युटरवाले याला इन्फिनिट लूप म्हणतात, आपण डोक्याला ताप म्हणतो. आता माझी ओळ अशी आहे: 'बाकी शून्य होईपर्यंत किंवा तीन फोन होईपर्यंत. तिसऱ्यानंतर मी स्वतः जाऊन भेटतो आणि हप्ता ठरवतो.'

"सर, धंदा नियमावर नाही, माणुसकीवर चालतो"

हे मला कायम ऐकवलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. कुणाच्या घरी दवाखाना असतो, कुणाचं मजुरीचं बिल अडकलेलं असतं. अशा वेळी ३० दिवसांचा आकडा दाखवणं बरोबर नाही. पण मग तेही कागदावर येऊ द्या: 'अडचण सांगितली तर मालकाला फोन कर.' एक ओळ पुरते. माणुसकीला नियमात जागा देता येते.

उलट मला एक वेगळीच गोष्ट कळली. नियम डोक्यात होता तोपर्यंत मी स्वतःला फार दिलदार समजत होतो. कागदावर लिहायला बसलो आणि जुनी वही समोर ठेवली, तेव्हा दिसलं की मर्यादेशिवाय उधार मिळणारे सगळे माझे मित्र आणि भावकीतले होते. थकलेली मोठी बाकीही त्यांचीच. माझा खरा नियम होता, 'जर ओळखीचा असेल तर विचारू नको.' ही ओळ लिहून भिंतीवर लावायची हिंमत माझ्यात नव्हती. जो नियम गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवायची लाज वाटते, तो बदलायला पाहिजे.

आता मित्राला नाही म्हणताना माझं तोंड वाईट होत नाही. नियम सगळ्यांना एकच आहे, त्याला माहीत आहे. आणि ताईंना विचारावंही लागत नाही.

या आठवड्याचं काम

तुमचं दुकान अजून सुरू झालं नसेल तरी चालेल. दुकानातलं एकच काम निवडा: उधारी, माल परत घेणं, किंवा माल कधी मागवायचा. दहा-बारा ओळींत लिहा. 'चांगलं गिऱ्हाईक', 'थोडासा माल', 'लवकर' असे शब्द दिसले की खोडा आणि तिथं आकडा घाला. मग पाच खोटी गिऱ्हाइकं चालवा. त्यातलं एक काठावरच्या आकड्याचं असू द्या आणि एक अगदी नवीन. शेवटी कागद घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुमच्या धंद्यातलं काही माहीत नाही, आणि त्याला गल्ल्यावर बसवल्यासारखं करून तुम्ही गिऱ्हाईक व्हा. मध्ये बोलायचं नाही. तो जिथं अडखळेल, तिथं तुमचा नियम अपुरा आहे.

तो न अडखळता शेवटपर्यंत गेला, की मग खुशाल सॉफ्टवेअर बघायला निघा. एक्सेलमधला 'इफ' तुम्हाला सोपा वाटेल, ॲपच्या सेटिंगमध्ये काय भरायचं ते कळेल, आणि कुणाकडून प्रोग्राम करून घेतलात तर नेमकं काय पाहिजे ते त्याला सांगता येईल.

माझा तो कागद आजही गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. चार वेळा खाडाखोड झालीय. चुलतभाऊ अजूनही अधूनमधून दुकानावर बसतो, आणि सांगितलं तेवढंच करतो. आता मी नीट सांगतो, एवढाच फरक.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कागद तयार ठेवा!