आकडा शून्य झाला, डोक्यातलं काय?

६ ऑगस्ट २०२१ ला भंडारा जिल्ह्यातला शेवटचा क्रियाशील कोरोना रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि आपला जिल्हा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी ही बातमी स्टेटसला ठेवली असेल. ठेवायलाच हवी होती. याच जिल्ह्यात १८ एप्रिलला १२,८४७ क्रियाशील रुग्ण होते. १ मे रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, एका दिवसात ३५ माणसं गेली. बारा लाख वस्तीच्या जिल्ह्यात जवळपास ६० हजार लोक पॉझिटिव्ह निघाले आणि अकराशेहून जास्त जण परत आलेच नाहीत. तिथून शून्यावर येणं ही काही साधी गोष्ट नाही.

पण शून्य हा रुग्णांचा आकडा आहे. तुमच्या-आमच्या डोक्यात काय चाललंय, ते त्यात मोजलेलं नाही. आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने कसे जातील ते बरंचसं त्यावरच ठरणार होतं. २ ऑगस्टला राज्यातल्या २५ जिल्ह्यांमधले निर्बंध सैल झाले, त्यात आपणही आलो. दुकानं रात्री आठपर्यंत उघडी राहू लागली. मास्क नाकावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून खिशात गेला. तिसऱ्या लाटेचं नाव काढलं की, ‘काही नाही होत जी!’

लोक असे का वागतात? या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे असतात. खेड्यातले लोक अडाणी आहेत, हे एक आणि पोरं बेफिकीर आहेत, हे दुसरं. दोन्ही आळशी उत्तरं आहेत. त्या दीड वर्षात आपल्या जिल्ह्यात काय काय झालं ते जरा क्रमानं आठवून बघा.

राज्यातला पहिला रुग्ण पुण्यात सापडला तो ९ मार्च २०२० ला. भंडारा जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला २७ एप्रिलला. म्हणजे सात आठवडे आपल्याकडे एकही रुग्ण नव्हता आणि त्याच काळात आपण सगळ्यात कडक वागत होतो. गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकले, पुण्या-मुंबईहून चालत आलेल्या आपल्याच माणसांना शाळेत झोपवलं, भाजी मिठाच्या पाण्यात धुतली. पुढे २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विषाणू खरोखर दारात येऊन उभा होता, तेव्हा लग्नं जोरात सुरू होती. म्हणजे धोका कमी तेव्हा भीती जास्त आणि धोका जास्त तेव्हा भीती कमी. हे उलटं कसं झालं?

कारण आपलं मन धोका आकडेवारीवरून मोजत नाही. एखादी गोष्ट किती चटकन आठवते, डोळ्यांसमोर किती ठसठशीत उभी राहते, यावरून ते धोक्याचा अंदाज बांधतं. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. सुरुवातीला टीव्हीवर इटलीतल्या शवपेट्या दिसत होत्या, सगळं नवीन होतं, म्हणून भीती मोठी होती. वर्षभरानं तीच कॉलर ट्यून शंभराव्यांदा ऐकताना कानाला काहीच जाणवेना. फोन लागेपर्यंत मोबाइल कानापासून लांब धरायचा, एवढंच त्या ट्यूननं आपल्याला शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०२० मध्ये या थकव्याला ‘पँडेमिक फटीग’ असं नाव दिलं आणि सोबत हेही सांगितलं, की हा थकवा स्वाभाविक आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं. सतत घाबरून राहणं माणसाला जमतच नाही. म्हणून नुसत्या भीतीवर बेतलेली कुठलीही मोहीम काही महिन्यांत विझणारच.

दुसरी गोष्ट तुमच्या वयाची. नील वाइनस्टाइन या संशोधकानं १९८० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की अमुक वाईट गोष्ट तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता बरोबरच्या मुलांच्या तुलनेत किती? बहुतेकांचं म्हणणं, माझ्या बाबतीत कमी. आता सगळ्यांचीच शक्यता सरासरीपेक्षा कमी कशी असेल? पण आपण सगळे असाच हिशेब करतो. आणि तरुणांच्या बाबतीत हा हिशेब अर्धा खरा निघाला, तिथेच घोळ झाला. तुम्हाला झाला तेव्हा दोन दिवस ताप आला, वास गेला, बस. घरातल्या आजोबांचं तसं नव्हतं.

आता एप्रिलकडे या. अंगात ताप आहे, गावात घरोघरी ताप आहे, पण स्वॅब द्यायला कोणी जात नाही. मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, ‘टायफाइड असेल’ म्हणायचं आणि सहाव्या-सातव्या दिवशी श्वास लागला की गाडी शोधायची. तोवर सिटी स्कॅनचा स्कोअर भलत्याच ठिकाणी पोचलेला असायचा. यालाही अडाणीपणा म्हणून मोकळं होता येतं. पण अमेरिकेत १९५० च्या दशकात सरकारनं क्षयरोगाच्या फुकट तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या थेट वस्त्यांमध्ये नेल्या होत्या, तरी बरेच लोक आले नाहीत. गॉडफ्रे हॉकबम यांनी १२०० हून अधिक लोकांशी बोलून याचं कारण शोधलं. ‘मला हा रोग होऊ शकतो’ आणि ‘लक्षणं दिसायच्या आधी तपासलं तर फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटलेल्या होत्या, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढला होता. यातली एकही गोष्ट न पटलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं. गाडी दारात उभी होती, तपासणी फुकट होती, तरी एवढा फरक पडला.

आपल्याकडे दुसऱ्या मुद्द्यावर घोडं अडलं. तपासणी केली तर काय होईल? तर नाव यादीत जाईल, घरावर कागद लागेल, शेजारी पाणी भरू देणार नाहीत, माणसाला नेतील आणि तो एकटा मरेल. लोकांच्या डोक्यातला तोट्याचा रकाना असा भरलेला होता आणि फायद्याच्या रकान्यात फारसं काही नव्हतं.

‘नेतील’ ही भीती महाराष्ट्राला नवी नाही. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घराघरात शिरून रोगी शोधत. लोकांनी काय केलं? रोगी लपवले, शहर सोडलं. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगात माणसं एका दाराला कडी लावत होती आणि दुसऱ्या दारात आपणहून रोगी नेत होती. दार उघडणारं कोण आहे, यावर ते ठरत होतं.

भंडाऱ्यात या विश्वासाला आणखी एक तडा गेला होता. २०२१ मध्ये ९ जानेवारीला मध्यरात्रीनंतर जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळं होती, त्यातली १० गेली. त्यानंतर तीनच महिन्यांत दुसरी लाट आली आणि लोकांना सांगितलं गेलं, घाबरू नका, सरकारी रुग्णालयात या. एखादी बाई तिथे जायला कचरली असेल, तर तिला विज्ञान कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला ते दहा पाळणे आठवत होते. विश्वास हाही साथीतल्या औषधांसारखाच साठवून ठेवावा लागतो. ऐन वेळी ऑर्डर देऊन मिळत नाही.

मग एवढं सगळं असूनही जिल्हा सावरला कसा? चाचण्या, उपचार, निर्बंध, लाटेचा स्वतःचा उतार, सगळ्यांचाच त्यात वाटा आहे. पण वागण्यापुरतं बोलायचं तर जवळच्या माणसाचा वाटा मोठा. आशाताई गावातलीच असते. तिच्या लेकीला तुम्ही ओळखता. तिनं ऑक्सिमीटर बोटाला लावला की ते ‘सरकार’ वाटत नाही. लसीचंही तसंच. ‘लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो’ हा नोबेलविजेत्याच्या नावावर खपवलेला खोटा मेसेज मे महिन्यात तुमच्याही फॅमिली ग्रुपवर फिरलाच असेल. तो खोटा असल्याचं सरकारनं जाहीर केलं, पण खुलासा फॉरवर्डइतका पळत नाही. शेजारच्या काकूनं लस घेतली, दुसऱ्या दिवशी ताप आला, तिसऱ्या दिवशी ती रोवणीला गेली, हे डोळ्यांनी पाहिल्यावर जे होतं ते पोस्टरनं होत नाही.

इथे एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या हॉटेलांमध्ये ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ या पाटीपेक्षा ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ या पाटीचा परिणाम जास्त झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे. माणूस उपदेश ऐकत नाही, बाजूच्याकडे बघतो. आता आपल्याकडचे मथळे आठवा: ‘बाजारात मास्कविना गर्दी’, ‘नागरिकांकडून नियमांची पायमल्ली’. हेतू चांगला असेल. पण वाचणाऱ्याला कळतं एवढंच, की कोणीच मास्क लावत नाहीये, मग मीच कशाला? आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीही यावर विचार करायला हरकत नाही.

आता तुमच्याबद्दल. म्हणजे जी गोष्ट जिल्ह्याच्या रोजच्या अहवालात कधीच नव्हती तिच्याबद्दल. ३ ऑगस्ट २०२१ ला बारावीचा निकाल लागला, ९९.६३ टक्के. परीक्षा झालीच नाही. त्या क्षणापासून ‘कोरोना बॅच’चे जोक सुरू झाले. पदवीच्या मुलांनी मोबाइलवर पर्याय निवडून विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या आणि रेंजसाठी गच्चीवर, नाहीतर गावाबाहेरच्या टेकाडावर बसून लेक्चर ऐकली. एमपीएससीची पूर्वपरीक्षा मार्चमध्ये ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. त्यात विदर्भातून तिथे खोली घेऊन राहिलेली कितीतरी होती. काही मुलांनी त्या जुलैत पहिल्यांदाच मजुरीनं रोवणी केली, कारण घरात कमावणारं माणूस राहिलं नाही.

यातल्या बऱ्याच जणांना डॉक्टर ‘आजारी’ म्हणणार नाहीत. पण झोप उशिरा येते, सकाळी उठावंसं वाटत नाही, फोन हातातून सुटत नाही, कशातच राम वाटत नाही. कोरी कीज या समाजशास्त्रज्ञानं अशा अवस्थेला ‘लँग्विशिंग’ म्हटलंय. आपण कोमेजणं म्हणू. यात माणूस कोसळत नाही, नुसता मरगळतो. आणि अशा मरगळलेल्या माणसाला मास्क, व्यायाम, वेळेवर जेवण, लसीचा स्लॉट यांतलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. ‘बेफिकीर पोरगं’ दिसतं, ते पुष्कळदा हे असतं.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचं आणखी वेगळं. अंत्ययात्रेला वीसच माणसं, चेहरा पाहिलेला नाही, तेरवीला पंगत नाही, नातेवाइकांचे फक्त फोन. आपल्याकडे रडायला माणसं लागतात. ती नव्हती. त्यामुळे चार महिन्यांनीही एखादा मित्र ग्रुपवर गप्प असेल तर त्याला ‘बी पॉझिटिव्ह’ पाठवू नका. त्याच्या घरी जा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, विषय टाळू नका. झोप, भूक गेलेली असेल किंवा मरणाच्या गोष्टी तो बोलत असेल तर त्याला एकटं न ठेवता घरातल्या मोठ्यांना सांगा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे स्वतः सोबत जा.  ‘जाऊन ये’ म्हणणं आणि ‘चल, मी येतो’ म्हणणं यात फार अंतर आहे.

लसीचंही असंच ‘चल, मी येतो’वर येतं. २२ जून २०२१ पासून राज्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, त्यामुळे तुमचं तुम्ही बघालच. घरात आजीनं अजून घेतली नसेल तर तिच्याशी फॉरवर्डवरून वाद घालू नका. माणूस वादात हरला तरी मत बदलत नाही. तिला विचारा, नेमकी कशाची भीती वाटते? कदाचित उत्तर अगदी साधं असेल. रोवणीच्या दिवसांत ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडते, हे कारण अफवेपेक्षा खरं आहे आणि त्यावर उपायही आहे. दिवस ठरवायचा. अमेरिकेत एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी नुसतं कळवण्याऐवजी ‘कोणत्या तारखेला, किती वाजता जाणार’ ते लिहायला लावलं, तर लस घेणाऱ्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर वाढलं. कागदाच्या एका ओळीच्या मानानं हे बरंच आहे. उपकेंद्रावर कोणत्या वारी लस असते, गाडी कोणाची, परत यायला किती वाजतील, त्या दिवशी बकऱ्या कोण बघणार, एवढं ठरलं की अर्धं काम झालं.

रोवणी तेव्हा संपत आली होती. २०२१ मध्ये ६ सप्टेंबरला पोळा होता, १० ला गणपती. बाहेरगावची माणसं घरी येणार होती, घरं भरणार होती. कोव्हिशिल्डचा पहिला डोस ज्यांनी मेच्या अखेरीस घेतला, त्यांचे ८४ दिवस त्या ऑगस्टमध्ये भरत होते. घरातल्या कोणाकोणाचं प्रमाणपत्र तुमच्याच मोबाइलमध्ये पडून आहे ते उघडून बघा. दुसऱ्या डोसची तारीख त्यावर लिहिलेली असते.