वाडगा आणि नकाशा

४ जानेवारी २०१८. रिचमंड, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी. चिनीमातीचा एक वाडगा. आत फिल्मच्या दोन डब्या, डब्यांत दोन चिठ्ठ्या. हात घातला, नाव निघालं : डेव्हिड यान्सी, रिपब्लिकन. शंभरांच्या सभागृहात त्याच्या पक्षाचे ५१ झाले. सत्ता शाबूत!

न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या ९४ व्या मतदारसंघात नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदान झालं. आधी यान्सी दहा मतांनी पुढे. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सिमंड्स एका मताने पुढे. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी एक बाद मतपत्रिका वर काढली. दोन्ही नावांपुढचे गोल काळे केलेले, सिमंड्सच्या गोलावर रेघ. म्हणाले, हे मत यान्सीचं. झालं, ११,६०८ आणि ११,६०८!

जग वाडग्याला हसलं. आपण हसायचं नाही, दोस्तहो. सभागृहापुढे चार लाख गरिबांच्या सरकारी औषधपाण्याचा प्रश्न होता. आणि त्या सगळ्या भानगडीत वाडगाच तेवढा प्रामाणिक. त्याला कातडीचा रंग दिसत नाही.

नकाशा काढणाऱ्याला दिसतो. २०११ च्या नकाशात शेजारच्या ९५ व्यासकट अकरा मतदारसंघांत काळे मतदार कोंबले. ५५ टक्क्यांचं माप ठरवून! एका जागी कोंबले की आजूबाजूला त्यांचं वजन उरत नाही. वेशीबाहेरच्या वस्तीचा अर्थ आम्हाला कुणी शिकवायला नको. २०१८ च्या जूनमध्ये कोर्टाने हा नकाशा घटनाबाह्य ठरवला. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

काही शहाणे तिसऱ्यावर, लिबर्टेरियन उमेदवारावर घसरले. मतं फोडली म्हणे. मतं काय तुमच्या बापाची इस्टेट होती? बोट दाखवायचंच तर ज्यांना मतच नव्हतं त्यांच्याकडे दाखवा. काळ्यांना हुसकायला १९०२ च्या राज्यघटनेने मतावर कर बसवला. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. पण मोठ्या गुन्ह्यात सजा झालेल्याचं मत जन्मभर काढून घेणारं कलम राहिलं. गव्हर्नर मेहरबान झाला तरच ते परत. २०१६ च्या अंदाजात तिथल्या दर पाच काळ्या प्रौढांतला एक असा मुका होता. त्यातल्या एकाला, फक्त एकाला, या मतदारसंघात वाचा फुटली असती तर वाडगा कपाटातच राहिला असता.

२०१९ साली कोर्टाने बदललेला नकाशा आला. त्याच सिमंड्सने त्याच यान्सीला हरवलं. सभागृहही फिरलं.

चिठ्ठी नशिबाची असेल. नकाशा माणसाने काढलेला असतो. माणसाने काढलेलं माणसाला पुसता येतं.