आधी घडण, मग टाळ्या

कलावंत परदेशी गाजला की आपण त्याला मोठे मानू लागतो. हा क्रम उलटा आहे. चेन्नईच्या भरतनाट्यम नर्तकी टी. बालासरस्वती यांची कारकीर्द पाहावी. 1961 मध्ये टोकियो, 1962 मध्ये अमेरिकेतील जेकब्स पिलो महोत्सव, 1963 मध्ये एडिनबर्ग, शिवाय वेस्लियन विद्यापीठात अध्यापन. पण त्याआधीच, 1955 मध्ये, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आजी नामवंत वीणावादक वीणा धनम्मल. गुरू कंदप्पा पिळ्ळै हे तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या दरबारातील चार नृत्यगुरू बंधूंच्या वंशातले. म्हणजे या घडणीत मराठी राजाश्रयाचाही वाटा आहे.

कोणी म्हणेल, बालासरस्वतींसारख्या देवदासी परंपरेतल्या कलावंतांना घरच्या समाजाने दूर लोटले, परदेशानेच मान दिला. यात तथ्य आहे आणि ते आपल्याला लागायलाच हवे. तरीही परदेशाने त्यांना मान दिला, घडवले नाही. क्यूबाचे बॅले नर्तक कार्लोस अकोस्टाही हवानाच्या बॅले शाळेत तयार झाले, मग लंडनच्या रॉयल बॅलेचे तारे ठरले. सत्यजित राय यांच्या ‘बाला’ या माहितीपटात बालासरस्वती समुद्रकिनारी नाचतात. वारा साडी ओढत असतो आणि त्या बाळकृष्णाला हाका मारत असतात. ती माया कोणत्याही दौऱ्यात शिकता येत नाही. म्हणून वाचकांना विनंती: गावातल्या मुलीच्या नृत्याला आजच जा, परदेशी टाळ्यांची वाट पाहू नका.